पंचावन्न मैलांची वेगमर्यादा : हेतू आणि परिणाम यांचा एक ऐतिहासिक विचार

कायदा ज्या हेतूने जन्माला येतो त्याच हेतूच्या बळावर तो पुढे टिकतो, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. वस्तुतः अनेक कायद्यांचे आयुष्य असे सरळ नसते. उगमाचे कारण लोपते, कायदा मात्र उरतो, आणि त्याच्या समर्थनार्थ दुसरेच कारण पुढे येते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इ. स. १९७४ पासून १९९५ पर्यंत अमलात असलेला ताशी ५५ मैलांच्या (सुमारे ८८ किलोमीटर) वेगमर्यादेचा कायदा हे या प्रक्रियेचे लक्षणीय उदाहरण होय. तेल वाचविण्यासाठी तो झाला. प्राण वाचतात म्हणून तो टिकला. आणि दोन्ही लाभांविषयी वाद माजल्यानंतर तो रद्द झाला. या बावीस वर्षांत वेग, इंधन आणि सुरक्षितता या तिन्हींचा परस्परसंबंध जितका तपासला गेला तितका पूर्वी क्वचितच तपासला गेला असेल. प्रस्तुत लेखात त्या कायद्याची पूर्वपीठिका, त्याचे परिणाम आणि त्याचा अस्त यांचा क्रमाने परामर्श घेण्याचे योजिले आहे.

१. पूर्वपीठिका

यांत्रिक वाहनांच्या वेगावर कायद्याने नियंत्रण घालण्याची प्रथा मोटारगाडीपेक्षा जुनी आहे. ब्रिटनमधील १८६५ च्या कायद्याने वाफेवर चालणाऱ्या रस्त्यावरील वाहनांस गावाबाहेर ताशी ४ मैल व गावात ताशी २ मैल एवढाच वेग मान्य केला होता, आणि वाहनापुढे तांबडे निशाण घेऊन चालणारा माणूस असावा असे बंधन घातले होते. १८९६ मध्ये हे बंधन सैल झाले व १९०३ मध्ये मर्यादा ताशी २० मैलांवर गेली. १९३० च्या कायद्याने तर खाजगी मोटारींवरील मर्यादा अजिबात काढून टाकली. परंतु अपघातांच्या अनुभवाने १९३५ मध्ये वस्तीच्या भागापुरती ३० मैलांची मर्यादा पुन्हा आणावी लागली.

अमेरिकेत या विषयाचा अधिकार मध्यवर्ती सरकारकडे नव्हता. तो घटक राज्यांच्या पोलीस-अधिकाराचा भाग मानला जाई. १९०१ मध्ये कनेक्टिकट राज्याने शहरात १२ व ग्रामीण रस्त्यांवर १५ मैलांची मर्यादा घालून राज्यपातळीवरील अशा कायद्यांचा आरंभ केला. पुढील सात दशकांत प्रत्येक राज्याने आपापल्या भूगोलाप्रमाणे नियम केले. पूर्वेकडील दाट वस्तीच्या राज्यांत मर्यादा कमी, तर पश्चिमेकडील विस्तीर्ण प्रदेशांत अधिक असे. माँटाना व नेव्हाडा या राज्यांत दिवसा आकड्यातील मर्यादाच नव्हती. परिस्थितीस साजेसा विवेकी वेग ठेवावा, एवढीच अपेक्षा होती. १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारकीर्दीत ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांची योजना मंजूर झाली. तिचा नव्वद टक्के खर्च मध्यवर्ती तिजोरीतून व्हावयाचा होता. या आर्थिक नात्यातच पुढील इतिहासाचे बीज होते.

२. युद्धकालातील पूर्वोदाहरण

१९७४ चा कायदा हा राष्ट्रव्यापी वेगमर्यादेचा पहिला प्रयोग नव्हे. १९४२ च्या आरंभी जपानने मलाया व डच ईस्ट इंडीज जिंकून घेतले आणि अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा जवळजवळ सर्व पुरवठा तुटला. त्या वर्षाच्या सप्टेंबरात बर्नार्ड बरूक यांच्या समितीने, देशातील टायर वाचविण्यासाठी ताशी ३५ मैलांची मर्यादा आणि पेट्रोलचे देशव्यापी शिधावाटप अशा दोन उपायांची शिफारस केली. पेट्रोलची टंचाई मुख्यतः पूर्व किनाऱ्यापुरती होती. देशभर शिधावाटप झाले ते गाड्या कमी धावाव्या आणि रबर झिजू नये म्हणून. वेगाबरोबर टायरची झीज वाढते, हे त्या मर्यादेमागचे साधे तत्त्व होते. युद्ध संपताच १९४५ च्या ऑगस्टमध्ये ती उठविण्यात आली.

या काळातील मृत्यूंचे आकडे उद्बोधक आहेत. १९४१ मध्ये रस्त्यांवर सुमारे ४० हजार माणसे मृत्युमुखी पडली. १९४३ मध्ये ही संख्या सुमारे २४ हजारांवर आली. प्रथमदर्शनी हा वेगमर्यादेचा विजय वाटतो. परंतु याच अवधीत वाहनांचा एकूण प्रवासही सुमारे ३८ टक्क्यांनी घटला होता. दर १० कोटी वाहन-मैलांमागील मृत्यूंचे प्रमाण १२ च्या आसपास होते, ते साडेअकराच्या जवळ आले एवढेच. म्हणजे प्राण वाचले ते मुख्यतः गाड्या उभ्या राहिल्या म्हणून. एकूण संख्या आणि प्रवासाशी निगडित प्रमाण यांत भेद न केल्यास अनुमान किती सहज चुकते, हे यावरून दिसून येते. १९७४ चा विचार करताना हा भेद सतत समोर ठेवणे अगत्याचे आहे.

३. तेलबंदी आणि कायद्याचा जन्म

६ ऑक्टोबर १९७३ रोजी अरब-इस्रायल युद्ध सुरू झाले. इस्रायलला मदत करणाऱ्या राष्ट्रांविरुद्ध अरब तेल-उत्पादक देशांनी त्याच महिन्यात पुरवठा-बंदी पुकारली. पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला तेलाचा भाव १९७४ च्या जानेवारीत साडेअकरा डॉलरांच्या पुढे गेला. अमेरिकेचा तेलाचा दैनंदिन खप त्या वेळी सुमारे १ कोटी ७० लाख पिंपे होता, आणि त्याचा वाढता हिस्सा परदेशांतून येत होता. पेट्रोल-पंपांपुढे मोटारींच्या रांगा लागल्या.

राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ७ नोव्हेंबर १९७३ रोजी राष्ट्रास उद्देशून केलेल्या भाषणात राज्यांनी महामार्गांवरील मर्यादा ५० मैलांपर्यंत खाली आणावी असे आवाहन केले. त्याच महिन्याच्या अखेरीस मोटारींसाठी ५० व मालमोटारी आणि बसगाड्यांसाठी ५५ अशी दुहेरी योजना पुढे आली. मालमोटारींचे चालक मात्र अस्वस्थ होते. आपल्या गाड्यांची डीझेल इंजिने आणि गिअर अधिक वेगासाठी बेतलेले आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय मैलांवर मजुरी मिळविणाऱ्या माणसाच्या दृष्टीने वेग कमी होणे म्हणजे दिवसाची कमाई कमी होणे. डिसेंबरात स्वतंत्र मालमोटार-चालकांनी अनेक महामार्गांवर गाड्या आडव्या उभ्या करून वाहतूक रोखली. अखेर काँग्रेसने सर्व वाहनांस एकच, ताशी ५५ मैलांची मर्यादा स्वीकारली. २ जानेवारी १९७४ रोजी कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. ही मर्यादा तात्पुरती असल्याचे कायद्यातच नमूद होते.

या कायद्याची रचना विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. मध्यवर्ती सरकारने कोणत्याही चालकास प्रत्यक्ष आज्ञा दिली नाही; तसे करण्याचा त्याचा अधिकार वादग्रस्त ठरला असता. जे राज्य ५५ मैलांहून अधिक मर्यादा ठेवील त्याला महामार्गांसाठीचे मध्यवर्ती अनुदान मिळणार नाही, एवढेच सांगितले गेले. मार्चच्या आरंभापर्यंत सर्व राज्यांनी आपापले नियम बदलले. परंतु अनुदानाच्या धाकाने केलेला नियम आणि मनोमन पटलेला नियम यांत अंतर असते. माँटाना राज्याने दिवसा मर्यादा ओलांडणाऱ्यास केवळ ५ डॉलर दंड ठेवला. आणि गुन्ह्याचे स्वरूप अतिवेग असे न मानता टंचाईतील साधनसंपत्तीचा अपव्यय असे मानले. आज्ञा पाळून तिचा आशय नाकारण्याचा हा मोठा मार्मिक प्रकार होता.

४. इंधनाचा हिशेब

वेग आणि इंधन यांचा संबंध भौतिकशास्त्राच्या दृष्टीने स्पष्ट आहे. गाडीस होणारा हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या रोधावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. ५५ ऐवजी ७० मैल वेगाने जाणाऱ्या गाडीस प्रत्येक मैलामागे हवेशी झगडण्यातच सुमारे ६२ टक्के अधिक ऊर्जा खर्च करावी लागते. एकूण खर्चात टायरांचे घर्षण व इंजिनातील अंतर्गत व्यय यांचाही वाटा असल्यामुळे प्रत्यक्ष इंधन इतके वाढत नाही. तथापि वाढ निश्चित असते.

असे असूनही राष्ट्राच्या हिशेबात बचत अल्प दिसते, याचे कारण मर्यादेच्या कक्षेत शोधले पाहिजे. शहरांतील रस्त्यांवर ५५ मैलांचा प्रश्नच उद्भवत नाही. वेगाने धावणाऱ्या हमरस्त्यांवरील वाहतूक हा एकूण वाहतुकीचा एक भाग. तिच्यातील वेग मर्यादेइतका खाली आला नाही. आणि जेवढा आला तेवढ्याच प्रमाणात बचत झाली. कायद्यावर स्वाक्षरी करताना निक्सन यांनी दररोज सुमारे २ लाख पिंपांच्या बचतीची अपेक्षा व्यक्त केली होती. नॅशनल रिसर्च कौन्सिलने दहा वर्षांच्या अनुभवाचा आढावा घेणारा जो अहवाल १९८४ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात ही बचत दररोज सुमारे १ लाख ६७ हजार पिंपे, म्हणजे महामार्गांवरील इंधनखपाच्या साधारण दोन टक्के, असल्याचे अनुमान आहे. अपेक्षा फारशी चुकली नव्हती. परंतु ती आरंभापासूनच माफक होती. १९७५ च्या ऊर्जाविषयक कायद्याने मोटार-उत्पादकांवर सरासरी इंधन-कार्यक्षमतेचे बंधन घातले व १९८५ पर्यंत गॅलनमागे साडेसत्तावीस मैलांचे लक्ष्य ठरविले. गाडीची घडणच बदलण्याचा हा मार्ग चालकाच्या पायावर पहारा ठेवण्यापेक्षा अधिक फलदायी होता. कारण त्याचा लाभ शहरातही मिळे आणि त्यासाठी रोज नव्याने आज्ञापालनाची गरज नसे.

५. प्राणांचा हिशेब

१९७३ मध्ये अमेरिकेतील रस्त्यांवर ५४,०५२ माणसे मरण पावली. १९७४ मध्ये ४५,१९६. एका वर्षात सुमारे ९ हजार मृत्यू कमी झाले. तेलासाठी केलेल्या कायद्याचे हे अनपेक्षित फल पाहून देश चकित झाला, आणि तेलबंदी मार्च १९७४ मध्येच उठली असूनही मर्यादा कायम राहिली. ४ जानेवारी १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ती कायमस्वरूपी करणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. कायद्याचा आधार येथे बदलला.

परंतु या घटीचे सर्व श्रेय वेगमर्यादेस देता येईल काय? १९४३ च्या उदाहरणावरून सुचणारी पद्धत येथे लावून पाहता येते. १९७४ मध्ये एकूण प्रवास सुमारे १ लाख ३१ हजार कोटी मैलांवरून १ लाख २८ हजार कोटी मैलांवर आला. म्हणजे घट अडीच टक्क्यांच्या आतच होती. मृत्यूंतील घट मात्र सोळा टक्क्यांहून अधिक होती. दर १० कोटी मैलांमागील प्रमाण ४.१ वरून ३.५ झाले. युद्धकालापेक्षा ही परिस्थिती मूलतः भिन्न आहे: गाड्या या वेळी उभ्या राहिल्या नव्हत्या.

तथापि हे प्रमाण आधीपासूनच उतरत होते, हे विसरून चालणार नाही. १९६६ मध्ये ते ५.५ होते. त्या वर्षी झालेल्या वाहन-सुरक्षा कायद्यामुळे गाड्यांच्या रचनेत सुधारणा होऊ लागल्या होत्या, आणि जुन्या दुपदरी रस्त्यांची वाहतूक दुभाजक असलेल्या आंतरराज्य महामार्गांकडे वळत होती. १९६६ ते १९७३ या काळातील वार्षिक उतार सरासरीने सुमारे चार टक्के होता. प्रवासातील घट आणि हा नेहमीचा उतार एवढेच घटक धरले तर १९७४ मध्ये सुमारे ५० हजार ६०० मृत्यू अपेक्षित ठरतात. प्रत्यक्ष संख्या त्याहून सुमारे ५,४०० ने कमी आहे. हाच खरा स्पष्टीकरणाचा विषय होय. यातीलही काही भाग प्रवासाच्या स्वरूपातील बदलास द्यावा लागेल. कारण टंचाईत प्रथम कमी होतो तो रात्रीचा, सुटीच्या दिवसाचा व मौजेचा प्रवास, आणि तोच अधिक धोक्याचा असतो. नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या अहवालाने १९७४ मधील मर्यादेचे श्रेय ३,००० ते ५,००० प्राण एवढे मानले आहे, ते या हिशेबाशी जुळते. एकूण घटीच्या जेमतेम निम्मे का होईना, पण ते श्रेय काल्पनिक नव्हते.

त्यामागील कारणपरंपराही समजण्यासारखी आहे. ग्रामीण आंतरराज्य महामार्गांवरील सरासरी वेग ताशी सुमारे ६५ मैलांवरून ५८ मैलांच्या आसपास आला. टकरीच्या वेळी देहास सोसावी लागणारी गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते; त्यामुळे सरासरीतील अल्प उतारदेखील परिणामांच्या तीव्रतेत मोठा फरक पाडतो. स्वीडनमधील संशोधक योरान निल्सन यांनी पुढे मांडलेल्या सूत्रानुसार, प्राणघातक अपघातांची संख्या सरासरी वेगाच्या साधारण चौथ्या घाताप्रमाणे बदलते.

६. वेग की वेगातील विषमता ?

या स्पष्टीकरणास एक विचारप्रवाह प्रारंभापासून आव्हान देत होता. डेव्हिड सॉलोमन यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले होते की, वाहतुकीच्या सरासरी वेगाच्या आसपास जाणाऱ्या चालकांचा अपघातांतील सहभाग सर्वांत कमी, आणि त्याहून फार जलद तसेच फार मंद जाणाऱ्यांचा अधिक असतो. १९८५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स लेव्ह यांनी याच धाग्यावरून असा सिद्धांत मांडला की, प्राण घेतो तो वेग नव्हे, तर वेगांतील विषमता. ५५ मैलांची मर्यादा काहींनी पाळली व बहुतेकांनी मोडली, तर ती विषमता वाढविते; म्हणून अशी मर्यादा उपकारक न होता अपायकारकही ठरू शकते.

या मताचे आकर्षण उघड आहे, परंतु त्याच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. वळण घेणारी, रस्त्यावर नुकतीच येणारी किंवा थांबण्याच्या बेतात असलेली वाहने मंद असतात. त्यांच्या अपघातांचे कारण मंदपणा म्हणावे की ती कृती, हा प्रश्न उरतोच. शिवाय सॉलोमन यांच्याच अभ्यासात अपघाताची तीव्रता वेगाबरोबर झपाट्याने वाढत असल्याचे नमूद आहे. सहभाग आणि तीव्रता या दोन भिन्न गोष्टी असून, मृत्यूंची संख्या दोहोंवर अवलंबून असते. विषमता टकरीस निमंत्रण देते. टकरीचा शेवट कसा होईल हे मात्र वेगच ठरवितो. १९७४ मध्ये सरासरी वेग आणि विषमता या दोन्ही एकदमच कमी झाल्या होत्या, म्हणून त्या एका वर्षाच्या पुराव्याने हा वाद सुटू शकला नाही.

७. आज्ञापालनाचा ऱ्हास आणि कायद्याचा अस्त

टंचाई ओसरताच आज्ञापालन शिथिल होत गेले. मालमोटार-चालकांनी पोलिसांचा सुगावा एकमेकांस देण्यासाठी सीबी रेडिओचा सर्रास उपयोग केला. रडारची चाहूल देणारी यंत्रे विकली जाऊ लागली. १९७८ नंतर किती वाहने मर्यादा पाळतात याचे पुरावे राज्यांकडून मागितले जाऊ लागले. परंतु ग्रामीण आंतरराज्य महामार्गांवर बहुसंख्य चालक ५५ च्या पुढेच जात होते. १९७९ व १९८० मध्ये मृत्यूंची संख्या पुन्हा ५१ हजारांवर गेली. त्याच मर्यादेखाली १९८३ मध्ये ती ४२,५८९ पर्यंत उतरली. तिच्यामागे आर्थिक मंदी होती आणि मद्यपी चालकांविरुद्धची मोहीमही होती. कायदा तोच, आकडे मात्र वरखाली. त्यामुळे दोन्ही पक्षांस आपापले पुरावे सापडत गेले.

विरोधकांचा मुख्य मुद्दा वेळेचा होता. शंभर मैलांच्या प्रवासास ७० च्या वेगाने ८६ मिनिटे लागतात, ५५ च्या वेगाने १०९. पूर्वेकडील राज्यांस हा फरक क्षुल्लक वाटे. वायोमिंग वा माँटानाच्या रहिवाशास तो रोज जाणवे. १९८४ च्या अहवालाप्रमाणे मर्यादेमुळे प्रवासात वर्षाला सुमारे १०० कोटी तास अधिक जात, आणि वाचणारे प्राण त्या सुमारास २,००० ते ४,००० होते. मध्यम आकडा धरून भागाकार केल्यास एका प्राणामागे सुमारे ३ लाख ३३ हजार तास, म्हणजे ३८ वर्षे, येतात. अपघातात दगावणाऱ्या व्यक्तीचे उरलेले आयुष्य सर्वसाधारणपणे याच्याच जवळपास असते. हिशेब जणू बरोबरीत सुटतो. परंतु ही बरोबरी फसवी आहे. ती अडतीस वर्षे लक्षावधी प्रवाशांत मिनिटामिनिटांनी वाटली जातात. मृत्यू मात्र एकाच घरी येतो. या दोन राशी एकाच तराजूत घालाव्यात की नाही, हा गणिताचा प्रश्न नव्हे. समाजाच्या मूल्यांचा आहे.

एप्रिल १९८७ मध्ये काँग्रेसने महामार्गविषयक विधेयक राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार बाजूस सारून संमत केले. तो नकार वेगासंबंधी नव्हता, खर्चासंबंधी होता. या कायद्याने ग्रामीण आंतरराज्य महामार्गांवर ६५ मैलांची मुभा दिली. त्यानंतर त्या महामार्गांवरील मृत्यू वाढल्याचे सरकारी पाहणीत दिसले. उलट लेव्ह व पॅट्रिक इलायस यांनी १९९४ मध्ये असे प्रतिपादले की, पोलीस व वाहतूक सुरक्षित मार्गांकडे वळल्यामुळे मुभा घेणाऱ्या राज्यांतील एकंदर मृत्युप्रमाण ३.४ ते ५.१ टक्क्यांनी घटले. अखेर २८ नोव्हेंबर १९९५ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी राष्ट्रीय मर्यादा रद्द करणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. माँटानाने लगेच दिवसाची आकडेबंद मर्यादा काढून टाकली. पण विवेकी वेगाची ती जुनी व्याख्या अतिसंदिग्ध असल्याचा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिल्यावर, पुढील वर्षी त्या राज्यास ७५ मैलांची मर्यादा स्वीकारावी लागली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ ते २००५ या काळात मर्यादा वाढल्यामुळे १२,५४५ अधिक मृत्यू झाल्याचे अनुमान काढले आहे.

८. समारोप

ब्रिटन व पश्चिम जर्मनी यांनीही १९७३ च्या हिवाळ्यात तात्पुरत्या मर्यादा घातल्या होत्या. ब्रिटनने ताशी ५० मैलांची, तर पश्चिम जर्मनीने आपल्या महामार्गांवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ठेविली. टंचाई सरताच १९७४ मध्ये दोघांनीही महामार्गांवरील ही बंधने उठविली. अमेरिकेने तसे केले नाही, कारण तिला मध्यंतरी नवा आधार सापडला होता. तो आधार उगमाच्या कारणापेक्षा नैतिकदृष्ट्या अधिक भक्कम होता. पण त्यासाठी लोकांची संमती अशी कधी घेतलीच गेली नव्हती. संकटकाळी लोकांनी त्याग मान्य केला होता तो तेलासाठी, व काही काळापुरता. सुरक्षिततेसाठी कायमचा संयम ही वेगळी मागणी होती, आणि तिचे समर्थन वेगळ्या पुराव्याने, वेगळ्या भाषेत, राज्याराज्यांतील परिस्थिती ध्यानात घेऊन करावयास हवे होते. ते न होता अनुदानाचा धाकच पुढे चालू राहिला.

१९९५ मध्ये दर १० कोटी मैलांमागील मृत्यूंचे प्रमाण १.७ होते, १९७३ च्या निम्म्याहूनही कमी. या उताराचे श्रेय गाडीची घडण, आसनपट्टे, रस्त्यांची रचना, तातडीची वैद्यकीय मदत आणि मद्यपानाविरुद्धचे जनमत या सर्वांत वाटून द्यावे लागते. वेगमर्यादेचा वाटा त्यांत असला तरी तो अनेकांपैकी एक आहे. परंतु एवढे मान्य करूनही एक गोष्ट उरते. त्या बावीस वर्षांत मर्यादेमुळे जी काही सहस्र माणसे जिवंत राहिली त्यांची नावे कोणासही, त्यांची त्यांनासुद्धा, ठाऊक होणे शक्य नव्हते. वाया गेलेल्या मिनिटांची जाणीव मात्र प्रत्येक चालकास होती. ज्याचा लाभ अदृश्य आणि ज्याची झीज दृश्य, असा कायदा लोकशाहीत टिकविणे सर्वांत कठीण, हे या इतिहासाचे सार म्हणता येईल.